सिकलसेलची फाईल कोणाच्या हातात?

दरवर्षी १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन येतो. त्या दिवशी विदर्भात ठिकठिकाणी तपासणी शिबिरं लागतात, बॅनर लागतात, पुढारी फोटो काढून निघून जातात. आपल्या बुद्धविहारांतही अशी शिबिरं होतात. मी स्वतः त्यात टेबल-खुर्च्या लावल्या आहेत, लोकांना घरून बोलावून आणलं आहे. अशाच एका शिबिरानंतर आमच्या वस्तीतली सतरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. एसएस पॅटर्नची, म्हणजे पूर्ण आजार असलेली. बारावी झालेली, मार्क चांगले. म्हणाली, "काकाजी, तुम्ही बाबाले समजावून सांगा ना. मले पुण्याले शिकाले जायचं हाये. होस्टेलमध्ये राहू द्यायले ते तयारच नाहीत."

मी गेलो. तिचा बाप भला माणूस. चळवळीत दहा वर्षं माझ्यासोबत आहे, मुलीच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारा आहे. त्यानं कपाटातून तिची फाईल काढून माझ्यासमोर ठेवली. जाडजूड, रबर लावलेली. म्हणाला, "भाऊ, तुमचं भाषण मले पटते. पण रात्री दोन वाजता तिले क्रायसिस आला तं तिथं कोण हाये? या फाईलमध्ये काय हाये हे तिलेबी नाही माहीत."

त्याच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. सतरा वर्षं जो आजार त्या मुलीनं अंगावर काढला, त्याची फाईल तिनं वाचलेली नव्हती. यात तिचा दोष नाही, बापाचाही नाही. या आजाराचा इतिहासच असा आहे की ज्याच्या रक्तात आजार, त्याच्या हातात काहीच नाही. म्हणून मित्रांनो, हा इतिहास आपण नीट बघितला पाहिजे.

सुरुवात शिकागोपासून. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा नावाच्या कॅरिबियन बेटावरचा काळा मुलगा. घर खाऊनपिऊन सुखी. १९०४ मध्ये तो विसाव्या वर्षी एकटा जहाजानं न्यूयॉर्कला उतरला आणि तिथून शिकागोच्या दंतवैद्यक कॉलेजात शिकायला गेला. प्रवासातच त्याच्या घोट्याजवळ जखम चिघळली होती. त्याच वर्षी डिसेंबरात तो तिथल्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तांबड्या पेशी गोल असायच्या त्याऐवजी लांबट, वाकड्या दिसल्या. आपण ज्याला इळा म्हणतो ना, तशा. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि सिकलसेल आजाराची पहिली शास्त्रीय नोंद हेरिक यांच्या नावावर लागली.

आणि नोएल? त्या लेखात त्याचं नाव नाही. वीस वर्षांचा एक निग्रो विद्यार्थी, एवढीच त्याची ओळख. त्याचं नाव आणि पुढचं आयुष्य इतिहासकारांनी शोधून १९८९ मध्ये लोकांपुढे मांडलं, म्हणजे जवळपास ऐंशी वर्षांनी. ते आयुष्य काय होतं? तो वारंवार आजारी पडत राहिला, हॉस्पिटलात जात राहिला, पण शिक्षण सोडलं नाही. १९०७ मध्ये पदवी घेतली, ग्रेनाडाला परत गेला, राजधानी सेंट जॉर्जेसमध्ये दवाखाना थाटला आणि लोकांचे दात बघत राहिला. १९१६ मध्ये न्यूमोनियानं गेला. वय फक्त ३२.

वैद्यकाच्या पुस्तकांत नोएल म्हणजे एक काचपट्टी आहे, तिच्यावर रक्ताचा थेंब. मला मात्र त्यात दिसतो तो घर सोडून समुद्रापार गेलेला पोरगा. सिकलसेलच्या लिखित इतिहासातला पहिला रुग्ण हा स्वतंत्र राहणारा, कॉलेजात जाणारा तरुण होता. त्याच्याजवळ पेनिसिलिन नव्हतं, हायड्रॉक्सियुरिया नव्हतं, आपल्याला काय झालं आहे याचं नावसुद्धा नव्हतं. ते नाव १९२२ मध्ये पडलं.

आता एक गोष्ट बघा. नोएल न्यूयॉर्कला उतरला त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच शहरात आपले बाबासाहेब उतरले. नोएल गेला त्याच १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्यानं, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. दोघांची भेट नाही, एकमेकांची माहिती असण्याचाही प्रश्न नाही. पण त्या निबंधाचा सिकलसेलशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

नोएलनंतरच्या पन्नास-साठ वर्षांत या आजाराची मुलं मोठी होतील असं डॉक्टरांनीच धरलेलं नव्हतं. १९७३ मध्ये डिग्ज या अमेरिकन संशोधकानं आकडा मांडला: रुग्णांचं मध्यक आयुष्य १४.३ वर्षं. म्हणजे निम्मी मुलं पंधरावं वर्षही बघत नव्हती. जे मूल दहावीपर्यंत पोचणारच नाही, त्याला होस्टेलला पाठवायचं कसं, याचा विचार कोण करणार? लहान मुलांचे डॉक्टर, आईबाप आणि मूल, एवढंच ते जग होतं. आपल्या आयाबायांच्या मनात आजही तेच १९७३ साल चालू आहे. त्यांनी शेजारच्या घरातलं, नात्यातलं लेकरू गेलेलं डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या भीतीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पण मुलं जगतील की नाही हे ठरत नसताना त्यांच्यावर शिक्के मारायची घाई मात्र फार झाली. लायनस पॉलिंग हे मोठे शास्त्रज्ञ. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषामुळे होतो हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिद्ध केलं. पुढे त्यांना दोन नोबेल मिळाली, त्यातलं एक शांततेचं. याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये सुचवलं की सिकलसेलचं जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायचे टळतील! हेतू काय, तर आजारी मूल जन्मू नये. पेशवाईत ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्या आपल्या माणसांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गोंदण झालं नाही, पण कायदे झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी काळ्या लोकांसाठी ही तपासणी सक्तीची केली, कुठे शाळाप्रवेशाला तर कुठे लग्नाच्या परवान्याला जोडून. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाच कळत नव्हता. वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचा माणूस, सर्वसाधारणपणे निरोगी असतो. तरी त्यांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा नाकारला गेला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत वाहक तरुणांना १९८१ पर्यंत प्रवेश बंद होता.

याच काळात ब्लॅक पँथर पार्टीनं काय केलं ते आपल्या तरुणांनी आवर्जून वाचावं. आपल्याला त्यांच्या बंदुका आणि काळी जाकिटं आठवतात. पण त्यांनी वस्त्यांमध्ये मोफत दवाखाने चालवले आणि १९७१ पासून सिकलसेल तपासणीची मोहीम घेतली. दारोदार जाऊन, मेळाव्यांत टेबल मांडून त्यांचे कार्यकर्ते बोटातून रक्ताचा थेंब घेत आणि आजार समजावून सांगत. त्यांचा मुद्दा साधा होता: आमच्या शरीराची माहिती आम्हाला हवी, आमच्याच माणसांकडून हवी आणि ती आमच्याविरुद्ध वापरली जाता कामा नये. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारला सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा करावा लागला आणि त्यात तपासणी ऐच्छिक असली पाहिजे ही अट आली.

त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव तिकडून आलं, बाणा तिकडून आला. रक्ताचा प्रश्न मात्र आपल्या चळवळीच्या अजेंड्यावर कधीच वर आला नाही. आणि असंही नाही की तेव्हा माहिती नव्हती. भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्येच निलगिरीच्या आदिवासींत झाली होती. १९५८ मध्ये नागपूरचे डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला, त्यात महार समाजातल्या सिकलसेलची नोंद आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षं झाली होती. दीक्षाभूमीच्या गावातच हे संशोधन झालं, आणि आमच्या घरांत पोरं 'वाताच्या दुखण्यानं' रडतात म्हणून पुढची कित्येक वर्षं तेलच चोळलं गेलं.

इथे कोणी 'हा महारांचा आजार' म्हणालं तर त्याला गप्प करायची तयारी ठेवा. विदर्भात हे जनुक गोंड-माडियांत आहे, तेली-कुणब्यांत आहे. रक्ताचं शुद्ध-अशुद्ध यात काही नाही. जिथे जीवघेणा मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं. अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. मग प्रमाण काही समाजांत जास्त का? इथे बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध आठवा. जातीचं कुंपण म्हणजे लग्नाचं कुंपण. ज्या समाजात वाहक जास्त, त्यानं पिढ्यान्‌पिढ्या आतच लग्नं केली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मलेरियानं जनुक दिलं आणि जातीनं ते कुंपणात कोंडून ठेवलं.

आता आजचं बघू. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. लोकांना जनुकीय स्थितीचं कार्ड दिलं जातं, लग्नाआधी जुळवून बघता यावं म्हणून. तपासणीला माझा विरोध नाही, तपासणी झालीच पाहिजे. आदिवासींसोबत विदर्भातल्या बौद्ध वस्त्या त्यात किती धरल्या जातात हा प्रश्न आपण विचारत राहिलं पाहिजे. पण माझा आक्षेप त्याहून खोल आहे. शिबिरातली भाषणं ऐका: कुंडली नको, कार्ड जुळवा, आजारी मूल जन्माला घालू नका. समोर सोळा वर्षांचा एसएस मुलगा बसलेला असतो. तो 'निर्मूलन' हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? त्याच्यासारखे जन्मू नयेत एवढंच त्याला सांगितलं जातं. जन्मलेल्यानं कसं जगायचं, यावर बोलायला माईक शिल्लक राहत नाही.

कारण ती मुलं आता जगतात, हे अजून आपल्या पचनी पडलेलं नाही. १९८६ मध्ये सिद्ध झालं की लहानपणी रोज पेनिसिलिन दिलं तर जंतुसंसर्गाचे जीवघेणे झटके टळतात. १९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरियानं मोठ्या माणसांचे क्रायसिस कमी होतात हे दिसलं. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं बरीच वर्षं म्हटलं जात होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी इथल्या मुलांचा आजार किती तीव्र असतो ते नोंदवलं, आणि कमी, ठरावीक डोसचं हायड्रॉक्सियुरियाही इथल्या मुलांना गुण देतं हे २०१२ मध्ये दाखवलं. अमेरिकेत १९९४ च्या अभ्यासात मध्यक आयुष्य पुरुषांचं ४२ आणि स्त्रियांचं ४८ वर्षांवर आलं होतं. चौदाचे बेचाळीस झाले.

आणि मग एक नवीनच गोष्ट दिसली. डलास शहरातल्या मुलांचा जन्मापासूनचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरातली चौऱ्याण्णवच्या आसपास मुलं अठराव्या वर्षापर्यंत पोचत होती. अलीकडचे मृत्यू अठराच्या पुढचे होते, आणि त्यातले बरेच लहान मुलांच्या दवाखान्यातून मोठ्यांच्या दवाखान्यात गेल्यावर थोड्याच काळात झालेले. बालपणी आईनं आणि बालरोगतज्ज्ञानं जपलं. अठरावं लागताच नवी ओपीडी, नवा डॉक्टर, आणि रुग्णाला स्वतःचा आजार सांगता येत नाही.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. तो म्हणतो, ती घरी राहिली तर सुरक्षित. मी म्हणतो, दादा, धोका होस्टेलमध्ये नाही, तयारी न करता उंबरा ओलांडण्यात आहे. आणि उंबरा ती कधीतरी ओलांडणारच, शिक्षणासाठी नाही तर लग्न करून. तेव्हा तर फाईल लपवूनच पाठवतात पोरींना!

तयारी म्हणजे फार मोठं काही नाही, पण ती बाराव्या-तेराव्या वर्षापासून लागते. आपला पॅटर्न कोणता, रक्तगट कोणता, नेहमीचं हिमोग्लोबिन किती हे मुलाला तोंडपाठ पाहिजे. कॅप्सूल आईनं हातावर ठेवायची नाही, त्यानं डबीतून मोजून घ्यायची. चुकली तर ओरडा खायचा नाही, का चुकली ते सांगायचं. पाणी किती प्यायचं, थंडीत नि उन्हात काय करायचं, कोणतं दुखणं घरच्या गोळीनं थांबतं आणि कोणत्या तापाला, छातीतल्या कोणत्या दुखण्याला तडक हॉस्पिटल गाठायचं, हे त्याच्या स्वतःच्या अनुभवातूनच पक्कं होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी डॉक्टरांच्या खोलीत पहिली दहा मिनिटं त्याला एकट्याला जाऊ द्या. आईबापांना हे आवडत नाही. पण या आजारात मुलांना कधी कधी लिंग ताठ राहून तासन्‌तास वेदना होतात, त्यावर लगेच उपचार लागतात आणि पोरगा आईसमोर ते सांगत नाही. हायड्रॉक्सियुरिया चालू असताना मूल होऊ देण्याचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करायचा नसतो. मुलीला हे कोण सांगणार, सासू?

तरीही सगळं ओझं पोरांवर टाकून मोकळं होता येत नाही. २०१९ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात सिकलसेलचा २१ वर्षांचा तरुण दाखल होता. त्याला आजार माहीत होता, ऑक्सिजन लागतो आहे हे कळत होतं, त्यानं मागितलाही. मिळाला नाही, तेव्हा त्यानं हॉस्पिटलच्या खाटेवरून आपत्कालीन सेवेला फोन लावला. तो वाचला नाही. तिथल्या खासदारांच्या गटानं २०२१ मध्ये चौकशी करून अहवाल काढला, त्यात सिकलसेलच्या रुग्णांचं म्हणणं दवाखान्यांत ऐकलंच जात नाही, हे पानोपानी आहे. रुग्ण काळे, दुखणं डोळ्यांना न दिसणारं. आपल्याकडे कॅज्युअल्टीत आडनाव ऐकून आवाज बदलतो, हे वाचकांना मी सांगायला नको. म्हणून पोराला बोलायला शिकवायचं आणि त्याच्या बोलण्यामागे संघटना उभी करायची, दोन्ही करावं लागेल.

कायद्याचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्व मानलं. ४० टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांवर हक्क मिळतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाची यादी मात्र काढून बघा, कलम ३४. रक्ताचे आजार त्यात नाहीत. शिका म्हणतात, पण शिकून कमवायचं दार बंद. ज्या आजाराचे रुग्ण मुख्यतः आदिवासी, दलित आणि ओबीसी आहेत, नेमका तोच कसा सुटला? निवेदनं, मोर्चे, याचिका, जे काही करता येईल ते करण्यासारखा हा मुद्दा आहे, आणि तो अठरा-वीस वर्षांच्या एसएस तरुणांनी स्वतः उचलला पाहिजे. आम्ही मागे चालू.

होस्टेलची भीती वाटणाऱ्या मायबापांना मी एकच आठवण करून देतो. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं, तेव्हा घरून लेकरू पाठवणाऱ्या आयांना कमी भीती होती का? तेव्हा प्लेग होता, उपासमार होती, गावकीचा बहिष्कार होता. तरी त्यांनी पाठवलं. त्या पोरांच्या पोरांचे पोरं आपण आहोत.

त्या मुलीचं काय झालं, हे विचाराल. पुणं यंदा झालं नाही. बाप नागपूरपर्यंत तयार झाला. घरापासून दीड तास, तिथलं मुलींचं होस्टेल, आणि वर्ष नीट गेलं तर पुण्याचं बोलू असा शब्द. जाण्याआधी मी, तिची आई आणि ती, तिघांनी बसून फाईल वाचली. तिसरीत असताना तिला रक्त चढवलं होतं, ते तिला त्या दिवशी कळलं. होस्टेलच्या दोन मैत्रिणींना तिनं स्वतः आजार समजावून सांगितला. दिवाळीआधी तिला क्रायसिस आला, मैत्रिणींनीच ऑटोत घालून नेलं. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी, सोबत मोठं कोणी आलं आहे का, असं दोनदा विचारलं म्हणे. तिनं पॅटर्न सांगितला, चालू असलेली औषधं सांगितली, मागच्या वेळी कोणत्या इंजेक्शननं आराम पडला होता ते सांगितलं. बापाला तिनं सकाळी फोन केला. तो माझ्यावर चार दिवस रागावला होता.

मूळ फाईल अजून त्याच्याच कपाटात आहे. पोरीजवळ झेरॉक्स आहे.